एकं दहं शतं, आंधळगावच्या अंगणात

मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात हिवाळ्याच्या सकाळी अंगणात बाज टाकून बसावं. हातमागांचा खटखटाट अजून सुरू झालेला नसतो. कवेलूंवर दव असतं. सांदवाडीत कडुनिंब, पलीकडे धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्या, त्यांच्या धुऱ्यांवर तुरी, आणि थोडं पुढं बोडीचं, म्हणजे छोट्या तळ्याचं, पाणी. हे कोसा रेशीम विणणाऱ्यांचं गाव. ताण्याचे धागे मोजता मोजता इथल्या घरांत पिढ्या गेल्या. तेव्हा आज आपणही मोजायलाच बसू. या बाजेवरून जे जे दिसतं, उडतं, सरपटतं, ते सगळं. एकं, दहं, शतं करत किती लांब जाता येतं ते पाहू. मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा एका रात्रीत तीनदा उठून आकडे तपासले होते.

रानातून फिरून आलेल्या माणसाला गावात एकच प्रश्न विचारतात, "का जी, वाघ दिसला का?" साहजिक आहे. जिल्ह्यात कोका अभयारण्य, शेजारी नागझिरा. मग वाघापासूनच सुरुवात करू. २०२२च्या गणनेनुसार साऱ्या भारतात सरासरी अंदाजाने ३,६८२ वाघ आहेत. ७२ बर्थचा एक डबा धरा, असे २१ डबे जोडा, म्हणजे १,५१२ बर्थ झाले. एका वाघाला एक बर्थ दिला तर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचे सगळे वाघ अडीच गाड्यांत मावतात! नागपूर स्टेशनवर अडीच गाड्या उभ्या करा, देशातला शेवटचा वाघही आत बसलेला असेल. हा आपल्या हिशेबातल्या लहान आकड्यांपैकी एक. जीव मोठा की आकडा लहान, हे आत्ताच ध्यानात ठेवा, कारण इथून पुढं जीव लहान होत जाणार आहे.

याहूनही लहान आकडा आपल्याच बांधीत उभा असतो, सहा फूट उंच. सारस. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच तोच. आपल्यापेक्षा उंच पक्षी पाण्यातून चालत येतो, पंख उघडतो तर आठ फुटांचे, आणि जोडीनं ओरडतो तेव्हा आवाज दोन शिवार ओलांडून जातो. हा महाराष्ट्रात राहिला आहे तो गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात, इतरत्र जवळपास नाहीच. आणि किती राहिला आहे? साऱ्या राज्यात मिळून पन्नासही नाहीत. आपल्या भंडारा जिल्ह्यात तर बोटांवर मोजावेत इतकेच. राज्यातले सगळे सारस एका एसटीत बसतील. सव्वाअकरा कोटी माणसांच्या राज्यात, २०११च्या जनगणनेचा आकडा हा, एक बसभर सारस! जोडी वर्षाला दोन अंडी घालते, फार तर तीन, तीही उभ्या धानात, माणसाच्या पायांच्या वाटेवर. ज्या शेतकऱ्यानं आपल्या बांधीतलं घरटं राखलं, पिकाचा तेवढा तुकडा सोडून दिला, त्यानं राज्यातल्या सारसांच्या संख्येत एका हंगामात दोनाची भर घातली. पन्नासांत दोन म्हणजे चार टक्के!

आता नजर बोडीवरून वर न्या.

पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, साडेसहा हजारांहून जास्त आहेत. कोहळी समाजाच्या हातांनी आणि जमिनीचा उतार ओळखणाऱ्या डोळ्यांनी यांतले कितीतरी बांधले गेले. रोज एक तलाव पाहायचा ठरवला आणि दिवाळीचीही सुट्टी घेतली नाही, तर सगळे पाहून व्हायला जवळजवळ १८ वर्षं लागतील. आज जन्मलेलं पोर मतदानाला जाईल तेव्हा तुमचा शेवटचा तलाव येईल. एवढं पाणी खाली चमकत असलं तर वरून जाणाऱ्यांना ते दिसणारच. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांच्यासारखा माणूस नवेगावबांधच्या पाण्याकाठी वर्षानुवर्षं रमला तो काही उगाच नाही.

हिवाळ्यात विदर्भातल्या तलावांवर पट्ट कादंब येतो. डोक्यावर दोन काळे पट्टे, अंगानं दोन-तीन किलोचा. येतो तिबेट-मंगोलियाकडून, म्हणजे वाटेत हिमालय. या पक्ष्यांच्या अंगावर यंत्रं बसवून संशोधकांनी उंची मोजली, ती ७,२९० मीटरपर्यंत गेली. सह्याद्रीतलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. चार कळसूबाई एकावर एक ठेवा, तरी हा पक्षी वरच. आणखी जवळजवळ अर्धी कळसूबाई ठेवा, तेव्हा कुठं त्याच्या पायांशी पोचाल! तिथं हवेतला प्राणवायू आपल्या अंगणातल्याच्या निम्म्याहूनही कमी. कळसूबाई एकदा चढायला आपल्याला तीन-चार तास लागतात आणि वर पोचल्यावर गुडघे बोलतात. हा परतीच्या वाटेवर सात-आठ तासांत सहा हजार मीटरपर्यंत चढतो, म्हणजे साडेतीन कळसूबाई, तेही पंख मारत, वाऱ्याची पाठराखण न घेता. आणि असा जीव हिवाळाभर बोडीत उतरून गवत खात बसतो.

आणखी लहान व्हा. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा कुक्कू घ्या, आपल्या कोकिळेच्या नात्यातला. २०१९च्या जूनमध्ये मंगोलियात एका कुक्कूच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारं इवलं यंत्र बसवलं आणि तिथल्या नदीवरून त्याला ओनोन असं नाव दिलं. ओनोन हिवाळ्यात आफ्रिकेत झांबियाला गेला आणि २०२०च्या उन्हाळ्यात परत निघाला. आफ्रिकेचा किनारा सोडला, समुद्र ओलांडला, भारताच्या किनाऱ्यावरही थांबला नाही, आणखी सहाशे किलोमीटर आत येऊन मध्य प्रदेशात उतरला. एका आठवड्यात ६,६०० किलोमीटर! रोजचे ९४० झाले. समृद्धी महामार्ग नागपूरपासून मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटरचा. तो सारा संपवायचा, मग मुंबई-पुणे दीड वेळा करायचं, आणि हे रोज, सात दिवस. त्या उन्हाळ्यात आपण टाळेबंदीत घरात होतो, प्रवासी गाड्या यार्डात उभ्या होत्या आणि डोक्यावरून सव्वाशे ग्रॅमचा जीव खंड ओलांडत होता. आंधळगावाहून मध्य प्रदेशची हद्द मोटारसायकलनं तासाभराची.

अमूर ससाणा याच जातकुळीचा प्रवासी. वजन दीडशे ग्रॅम, दोन मध्यम कांद्यांएवढं. सैबेरिया-चीनकडून निघतो, ईशान्य भारतात उतरतो, मग भारत ओलांडून अरबी समुद्रावर जातो आणि सुमारे ३,००० किलोमीटर पाणी न थांबता पार करतो. मुंबई-पुणे अंतर १५० धरलं तर २० वेळा मुंबई-पुणे, खाली एकही फूडमॉल नाही. आणि दूरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२२च्या ऑक्टोबरात पाच महिन्यांचा एक गॉडविट पक्षी अलास्कातून उडाला आणि ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर उतरला. १३,५६० किलोमीटर, अकरा दिवस, एकदाही खाली न टेकता. नव्वद वेळा मुंबई-पुणे! पाच महिन्यांचं आपलं बाळ धड बसतही नाही.

पण लांबच्यांचं किती कौतुक करायचं? पावसाळ्यात गावातल्या विहिरीवरच्या बाभळीकडं पाहा. सुगरण.

मुद्दाम थोडा वेळ इथं थांबू, कारण आंधळगावकरांना विणण्यातलं कळतं. सुगरणीचा नर घरटं विणतो. धानाच्या नाहीतर गवताच्या पात्याला एका बाजूनं चिरा देतो, पट्टी फाडतो, चोचीत धरून आणतो. एकेक पट्टी वीतभरापासून हातभर लांब. एका घरट्याला सुमारे १८ दिवस आणि ५०० पर्यंत फेऱ्या. दिवसाला २८ फेऱ्या झाल्या. आता पातं दीडशे मीटरवरच्या बांधीतून आणलं असं धरा. जाऊन-येऊन ३०० मीटर. पाचशे फेऱ्या. किती झाले? दीडशे किलोमीटर! म्हणजे वाऱ्यावर झुलणाऱ्या त्या एका घरट्यात अख्खं मुंबई-पुणे विणलेलं आहे. आता एका बाभळीवर चाळीस घरटी मोजा. चाळीस मुंबई-पुणे एका झाडाला लटकलेले. सहा हजार किलोमीटर, आणि एवढं करणाऱ्या प्रत्येक विणकराचं वजन तीस ग्रॅमच्या आत.

दुसरा विणकर तर गावाचा अन्नदाता. कोशाची अळी. ऐनाच्या झाडावर, आपण त्याला येन म्हणतो, नाहीतर अर्जुनावर ती पानं खाऊन वाढते आणि स्वतःभोवती कोश गुंडाळते. सुपारीपेक्षा मोठा, टणक, भुऱ्या-पिवळ्या रंगाचा तो कोश उकळून धागा सोडवत नेला तर अर्ध्या किलोमीटरहून लांब निघतो. तळहातावर मावणाऱ्या कोशात गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा रस्ता! तीनशे कोश एका टोपलीत घ्या. पुन्हा मुंबई-पुणे. सुगरण उडून विणते, अळी जागच्या जागी डोकं हलवत विणते, दोघांचं अंतर एकच. आणि दोघांची सांगड माणसानं आंधळगावच्या मागावर घातली आहे असं मला नेहमी वाटत आलं आहे.

आता बाजेपाशी परत. कवेलूच्या फटीत चिमण्यांची गडबड सुरू झाली असेल.

२०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी जगातल्या जवळजवळ साऱ्या पक्षिजातींचा, ९,७०० जातींचा, अंदाज मांडला. एकूण पक्षी निघाले ५,००० कोटी. माणसामागे सहा. हा आकडा नुसता वाचून सोडू नका, मोजून पाहा. सेकंदाला एक पक्षी. न झोपता, न जेवता. एक, दोन, तीन. पाच हजार कोटींपर्यंत पोचायला १,५८५ वर्षं लागतात. आज संध्याकाळी ज्याची मोजणी संपेल त्यानं ती सुरू केली असेल तेव्हा विदर्भावर वाकाटकांचं राज्य होतं!

त्यांत एकट्या चिमण्या १६० कोटी. भारतातल्या माणसांहून जास्त. मात्र वजनाला काय? पंचवीस ग्रॅमची एक, म्हणजे साऱ्या जगातल्या चिमण्या मिळून ४०,००० टन. कोळशाची एक मालगाडी चार हजार टन ओढते. दहा मालगाड्या लावल्या की झालं. जगातली प्रत्येक चिमणी, आपल्या छपरातली धरून. हा दहाचा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

माळभिंगऱ्या ११० कोटी. हिवाळ्यात विजेच्या तारेवर ओळीनं बसतात त्या, वीस ग्रॅमच्या. प्रत्येकीला दहा सेंटिमीटर जागा द्या आणि साऱ्यांना एकाच तारेवर बसवा. तार लागेल १ लाख १० हजार किलोमीटरची. पृथ्वीला पावणेतीन वेढे!

मग एवढे सारे खातात काय?

हा प्रश्न विचारला आणि मी खरोखर बाजेवरून उठून उभा राहिलो. बाझेल विद्यापीठातल्या निफेलर नावाच्या शास्त्रज्ञानं २०१८ साली याचं उत्तर मांडलं. जगातले पक्षी वर्षाला ४० ते ५० कोटी टन कीटक आणि तसलेच जीव फस्त करतात. आपण कमीतला कमी आकडा घेऊ, ४० कोटी टन. भारतभरच्या शेतकऱ्यांनी २०२३-२४ मध्ये पिकवलेलं सगळं अन्नधान्य, तांदूळ, गहू, ज्वारी, डाळी, सगळं मिळून ३३ कोटी टनांच्या आसपास होतं. म्हणजे दीडशे कोटींच्या जवळ पोचलेल्या देशाचं साऱ्या वर्षाचं धान्य एका पारड्यात ठेवा, दुसऱ्यात पक्ष्यांनी टिपलेले किडे ठेवा. किड्यांचं पारडं खाली जातं!

चला, वरठीला जाऊ. भंडारा रोड स्टेशन, मुंबई-हावडा मुख्य लाइन. फलाटावर उभं राहायचं आणि किड्यांनी भरलेल्या मालगाड्या मोजायच्या. चार हजार टनांची एक. ४० कोटी टनांना एक लाख मालगाड्या लागतात. दर सव्वापाच मिनिटांना एक गाडी धडधडत जाणार. दिवसा, रात्री, होळीला, पोळ्याला, वर्षभर. चहाचा पेला संपायच्या आत पुढची शिट्टी. एक गाडी साडेसहाशे मीटर लांब धरली तर या लाख गाड्या एकामागे एक उभ्या केल्यावर ६५,००० किलोमीटर होतात. पृथ्वीला एक वेढा घालून वर आणखी अर्ध्याहून अधिक वेढ्याला पुरतील एवढ्या गाड्या उरल्या! आणि आठवतं, जगातल्या सगळ्या चिमण्या दहाच गाड्यांत बसल्या होत्या.

रेल्वेनं समाधान होत नसेल तर विहिरी घ्या. सहा मीटर रुंद, बारा मीटर खोल, शेतात असते तशी विहीर. तिच्यात सुमारे ३४० टन पाणी मावतं. पाण्याइतकंच जड धरून किडे भरायला लागलात तर जवळपास बारा लाख विहिरी लागतील. २०११च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या होती १२,००,३३४. माणसामागे एक विहीर! तान्ह्या बाळाच्या नावावरही एक, काठोकाठ, दरवर्षी.

यातला आपला वाटा डोळ्यांसमोर घडतो. नांगरामागे गायबगळे चालतात. पोटरीतल्या धानावर वेडे राघू झेपावतात. पळस फुलला की पळस मैनांचे थवे येतात, मध्य आशियाकडून. तिकडं चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळ आवरावेत म्हणून या मैनांसाठी दगडांची घरटी बांधून दिली आहेत, कारण एक मैना दिवसाला शंभराहून जास्त टोळ खाते. शंभरच धरा आणि थवा पाच हजारांचा. दिवसाला पाच लाख.

रात्री गव्हाणी घुबड येतं, पांढरं, बिनआवाजाचं. लोक त्याला अशुभ म्हणून दगड मारतात ते पाहून जीव तुटतो, म्हणून त्याचा हिशेब रुपयांत मांडतो. रात्रीला तीन उंदीर. वर्षाला १,०९५. एक उंदीर दिवसाला फक्त दहा ग्रॅम धान खातो असं धरा, तेवढे उंदीर वर्षभर जगले असते तर ४० क्विंटल धान गेलं असतं. चाळीस किलोची शंभर पोती! २०२५-२६च्या साधारण धानाच्या हमीभावानं, २,३६९ रुपये क्विंटलनं, ९४,७६० रुपये. एका घुबडाची एका वर्षाची कमाई ही, आणि ती त्यानं मालकाच्या कोठीत ठेवली.

आता पक्षी सोडा. आणखी लहान व्हा.

पाऊस ओसरायला लागला की अंगणावर चतुर घिरट्या घालतात, पिवळसर, काचेसारख्या पंखांचे. पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. यांतल्या एका जातीचा चतुर वजनाला ०.३ ग्रॅम, म्हणजे रुपयाच्या एका नाण्याच्या भारात दहा-बारा चतुर. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला प्रश्न पडला की ऑक्टोबर आला की या बेटांवर लाखो चतुर उतरतात कुठून, इथं तर गोडं पाणी जवळजवळ नाही. २००९ साली त्यानं मांडलं की हे भारतातून निघतात, समुद्रावरून आफ्रिकेत जातात आणि त्यांची पुढची पिढी परत येते. चार पिढ्यांत मिळून फेरा १४ ते १८ हजार किलोमीटरचा! पणजोबा आंधळगावच्या बोडीवरून उडाला असेल तर पणतू पावसाळी वाऱ्यावर इकडं परत येतो.

पाच सेंटिमीटरच्या अंगाला १४,००० किलोमीटर म्हणजे स्वतःच्या लांबीच्या २८ कोटी पट. साडेपाच फुटांच्या माणसाच्या घराण्यानं चार पिढ्यांत आपल्या उंचीच्या २८ कोटी पट चालायचं ठरवलं तर ४ लाख ६९ हजार किलोमीटर होतात. चंद्र आहे ३ लाख ८४ हजारांवर. चंद्रावर पोचून उरलेल्या ८५ हजारांत पृथ्वीच्या दोन प्रदक्षिणा! आणि अमूर ससाणाही त्याच सुमारास त्याच समुद्रावरून जातो. त्याची शिदोरी त्याच्या बरोबरीनं उडत असते, असं अँडरसननंच सुचवलं होतं.

चतुर दिसतात तरी. जे दिसत नाहीत त्यांचं काय? दक्षिण इंग्लंडमध्ये आकाशाकडं रोखलेल्या रडारांनी वर्षानुवर्षं वरून जाणारे कीटक मोजले आणि २०१६ साली आकडा जाहीर झाला. ७०,००० चौरस किलोमीटरवरून वर्षाला साडेतीन लाख कोटी कीटक! एका चौरस किलोमीटरच्या डोक्यावरून पाच कोटी. एवढ्या साऱ्यांचं वजन ३,२०० टन, म्हणजे आपली एक मालगाडीही भरली नाही. हे थंड, ढगाळ इंग्लंडात. मग मृगानंतरच्या रात्री आंधळगावच्या एका बल्बभोवती जे घोंगावतं, भिंतीवर पाली पोटं फुगेस्तोवर खातात, सकाळी पायरीवर पंखांचा सडा पडतो, ते पाहून छाती दडपते.

तो पंखांचा सडा वाळवीचा. पहिल्या पावसानंतर बांधावरच्या वारुळातून पंखवाल्या वाळव्या धुरासारख्या उसळतात आणि कोतवाल, मैना, कावळे, घारी, बेडूक सगळ्यांची एकच झुंबड उडते. आत खाली राणी बसलेली असते, बोटभर लांब, हलताही न येणारी. मोठ्या वारुळाची राणी दिवसाला वीस हजारांच्या घरात अंडी घालते. दहा वर्षं घातली तर ७ कोटी ३० लाख. महाराष्ट्रातल्या माणसांच्या निम्म्याहून जास्त, एका आईची, एका बांधाखाली.

आणि आता बाजेच्या पायापाशी वाका.

मुंग्या चालल्या आहेत. रात्री सांडलेल्या भाताच्या शितांकडं.

२०२२ साली हाँगकाँगच्या आणि जर्मनीतल्या संशोधकांनी जगभरातल्या मुंग्यांवरचे ४८९ अभ्यास एकत्र केले आणि बेरीज मांडली. २० वर पंधरा शून्यं. इंग्रजी शब्द राहू द्या, आजी ओसरीवर बसवून घोकून घ्यायची ते आठवा. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. पोरपणी वाटायचं, कोटीच्या पुढचे शब्द कशाला पाठ करायचे, एवढं मोजायला आहेच काय? हे आहे! दोन मध्य मुंग्या. शेवटून दुसरा शब्द अखेर कामाला आला, तोही उंबऱ्यापाशी.

माणसामागे २५ लाख. तुमच्या एकट्याच्या नावावर २५ लाख, बाजूला बसलेल्या काकांच्या नावावर २५ लाख. भंडारा जिल्ह्याच्या बारा लाख माणसांच्या वाट्याला तीन लाख कोटी. मुंगीला एक रुपया द्यायचा म्हटलं तर केवळ भंडाऱ्याच्या वाट्याच्या मुंग्यांना २०२५-२६च्या अर्थसंकल्पात साऱ्या भारतीय रेल्वेला मिळालेली सुमारे अडीच लाख कोटींची रक्कम पुरत नाही! जगातल्या मुंग्यांना रुपया-रुपया वाटायचा तर भारतातल्या प्रत्येक शेताची, कारखान्याची, दुकानाची, कचेरीची मिळून सुमारे साठ वर्षांची कमाई लागेल.

एका रांगेत लावू त्यांना. मुंगी तीन मिलिमीटरची धरू, नखावरच्या पांढऱ्या चंद्रकोरीएवढी. दोन मध्य मुंग्यांची रांग होते ६,००० कोटी किलोमीटरची. मुंबई-पुणे? चाळीस कोटी वेळा. तीन तासांची एक खेप धरून, एक क्षण न थांबता गाडी पळवली तर १ लाख ३७ हजार वर्षं. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे, ही रांग सूर्याच्या चारशे पट पुढं जाते. माणसानं १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर-१ हे यान, माणसाच्या हातून सर्वांत दूर गेलेली वस्तू, जवळजवळ पन्नास वर्षं पळून सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर पोचलं आहे. ते रांगेच्या निम्म्यावरही आलेलं नाही! सूर्याचा प्रकाश आपल्या अंगणात आठ मिनिटांत येतो. तोच प्रकाश या रांगेच्या पहिल्या मुंगीपासून निघाला तर शेवटच्या मुंगीपाशी दोन दिवस आणि साडेसात तासांनी पोचेल.

वजन? जगातल्या साऱ्या रानटी पक्ष्यांतला आणि साऱ्या रानटी सस्तन प्राण्यांतला कार्बन एका पारड्यात घाला. अडीच गाड्या वाघ, एक एसटी सारस, दहा गाड्या चिमण्या, पट्ट कादंब, घुबडं, नागझिऱ्यातले गवे, आफ्रिकेतले हत्ती, समुद्रातले देवमासेसुद्धा. दुसऱ्या पारड्यात फक्त मुंग्यांतला. मुंग्या भारी!

आणि आता मोजा. मघाशी पक्षी मोजले तसेच, सेकंदाला एक. पक्ष्यांना वाकाटकांपासून आजपर्यंतचा काळ लागला होता. मुंग्या मोजून संपायला ६३ कोटी वर्षं लागतात. आज संपवायचं असेल तर ज्या दिवशी पहिला आकडा उच्चारायला हवा होता, त्या दिवशी जमिनीवर चालणारा एकही प्राणी नव्हता. डायनोसॉर आले, कोट्यवधी वर्षं राहिले, आपली मोजणी चालू. पहिलं फूल उमललं, मोजणी चालू. पहिली मुंगी खुद्द जन्माला आली, मोजणी चालू.

उन्हं कवेलूंवरून उतरून अंगणात आली आहेत. शेजारच्या घरात माग सुरू झाला. बाजेच्या पायापाशी रांगेतल्या सर्वांत पुढच्या मुंगीनं आपल्याहून मोठं शीत उचललं आहे आणि ती उंबऱ्याच्या फटीकडं निघाली आहे. मागची तिला वाट देते.

एकं.

दहं.

शतं.